देठ राहिलाय

जळगावात माझी हयात गेली, नाना तऱ्हेची माणसं पाहिली, पण वांग्याला "हलू नको" म्हणून दम देणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच घरात, माझ्याच हातचं खाऊन राहत होता. तो माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं नाक मी पुसायची, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत अरे-तुरे केलं आणि त्याने मला. हाक मारताना 'भाऊ' म्हणायची, बाकी मान एवढाच. कॉलनीतले लोक म्हणत, तुमचे दीर कलावंत आहेत. असतील. कलावंताच्या घरी भाजी किती वाजता चुलीवर चढते, ते लोकांना कुठे माहीत असतं!

त्याला नाद एकच. झाडपाला, फूल, फळ, शेंग, जे काही मातीतून वर आलं ते समोर ठेवायचं आणि पेन्सिलीने कागदावर उतरवायचं. माणसं काढायची नाहीत, देव काढायचे नाहीत, डोंगरामागचा सूर्य तर नाहीच नाही. आणि रंग अजिबात नाही. शेजारच्या यावलच्या काकू एकदा चित्र बघून म्हणाल्या, "छान आहे हो, पण रंग कधी भरणार?" तर हा म्हणाला, "भरलाय की. नीट बघा." काकू नीट बघून घरी गेल्या आणि आमच्याकडे डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता विचारायला आल्या. मी त्याला तोंडावर सांगितलं, "भाऊ, हा टमाटा राखेत लोळल्यासारखा दिसतो." तो जराही रागावला नाही. म्हणाला, "लोळलेला का असेना, टमाटा आहे हे ओळखलंस ना?" असल्या माणसाशी भांडायचं कसं?

पेन्सिली त्याच्या अंगावर पिसवांसारख्या असायच्या. एक कानामागे, एक दातात, एक हातात, आणि दोन-चार उशीखाली. टोक काढायला दाढीचं पातं. त्याच पात्याने दाढीही करायचा, त्यामुळे हनुवटीवर एक काळी रेघ कायमची बसली होती, गोंदल्यासारखी. सालपटं चहात सापडायची, पांघरुणात सापडायची, एकदा तर देवाच्या डबीत कुंकवात सापडली. छाया काढायला तो बोट घासायचा, तेही डाव्या हाताचं, कारण डावखुरा. घरातल्या प्रत्येक बटणावर, पितळी पेल्यावर, माझ्या धुतलेल्या पातळावर त्याचं बोट उमटलेलं. एका निवडणुकीला तो सकाळी मत द्यायला गेला आणि लगेच परत आला. मी म्हटलं, "झालं एवढ्यात?" म्हणाला, "साहेब म्हणतात, तुम्ही देऊन गेलात, बोट काळं आहे." मग मी त्याला नळाखाली उभा केला, साबण आणि नारळाची शेंडी घेऊन बोट घासलं आणि परत पाठवला. तेव्हा कुठे एका मताची भर पडली.

खोडरबर त्याला पसंत नव्हता. म्हणे कागद दुखावतो. मग तो माझ्या परातीतून पिठाचा गोळा चोरायचा आणि त्याने खोडायचा. खोडून खोडून गोळा काळपट झाला की निमूट परत परातीत टाकायचा. हे मला बरीच वर्षं कळलं नाही, कारण आमच्याकडे कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालीचे उडीद एकत्र दळलेले. ती मुळातच राखाडी. त्यात याची पेन्सिल किती गेली आणि आमच्या पोटात किती गेली, देव जाणे. पाव्हणे भाकरी खाऊन "वा, काय चव आहे" म्हणून गेले.

नोकरी होती त्याला, नाही असं नाही. एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर कारकून होता. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग पार सडकेपर्यंत लागायची. एक दिवस त्याला एका गाडीत काडीसकट उमललेलं बोंड दिसलं. झालं. हा काटा सोडून बोंड घेऊन बसला. मागे चोपड्याकडचा एक म्हातारा शेतकरी गाडीवर उभा राहून ओरडला, "ओ भाऊ, कापूस मोजी राहिनात का त्याना फोटू काढी राहिनात?" याने मान वर न करता सांगितलं, "थोडं थांबा आबा, एक फाक राहिली." मालकाने त्याला काट्यावरून उचलला आणि सामानाच्या खोलीत बसवला. तिथे पट्टे, तेलाचे डबे, लोखंड. उगवणारं काही नाही. मालक निश्चिंत. पण महिन्याभरात याला त्या खोलीच्या भिंतीत, खिडकीखाली, पिंपळाचं रोप सापडलं. भिंत दुरुस्त करायला गवंडी आला तर त्याला हा म्हणतो, "पुढच्या आठवड्यात या."

लग्न झालं नाही. आम्ही प्रयत्न कमी केले नाहीत. चोपड्याला एक चांगलं स्थळ होतं, केळीवाले लोक, मुलगी देखणी. त्यांच्या ओट्यापुढे सीताफळाचं झाड होतं आणि ते फळांनी लगडलेलं होतं. मंडळी आत बसली, हा म्हणाला आलोच. मुलगी आली, पोहे आले, मुलगी गेली, आम्ही बोलत बसलो. बऱ्याच वेळाने हा कागद गुंडाळत आत आला. मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं, "मग भाऊ, मुलगी पसंत आहे ना?" हा चारी बाजूंना बघून म्हणाला, "मुलगी येऊन गेली का?" परतीच्या एसटीत सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मना आंडोर सीताफळसंगे बोलस, मनासंगे बोलत नही. बायकोसंगे काय बोलनार?" त्यांचं बोलणं शेवटपर्यंत धुळ्याकडच्या खेड्यातलंच राहिलं, मुलगा म्हणजे आंडोर, आणि हिशेब बहुतेक वेळा बरोबर निघायचा. त्यानंतर स्थळं बघायचं आम्ही सोडलं.

आता खरी गोष्ट सांगते. एवढा नाद, एवढ्या पेन्सिली, पण त्याचं एकही चित्र पुरं नव्हतं. एकही नाही. माणूस इतका सावकाश की समोरची वस्तू दम धरत नसे. जास्वंदाच्या दोन पाकळ्या व्हायच्या तर बाकीच्या संध्याकाळी मिटून जायच्या. केळफुलाचं एक एक पान रोज गळून पडायचं, आणि हा आपला कालच्या पानाच्या मागे. शेपू तर काढायला घेतल्या दिवशीच मान टाकायचा. त्यातून जे टिकलं असतं ते मी शिजवायची. मला घरची माणसं जेवू घालायची होती. भरताचं वांगं याने डावीकडून अर्धं काढलं की मी उजवीकडून भाजायला घ्यायची. तो जेवताना त्या भरताकडे दुःखाने बघायचा आणि दोनदा मागून घ्यायचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत अर्धी काकडी, अर्धं गिलकं, देठ असलेलं पण फूल नसलेलं कमळ, असा सगळा अर्धवट बाजार भरलेला. आणि खाली कुठेच नाव नाही. मी एकदा म्हटलं, "नाव तरी घाल, म्हणजे कोणाच्या माथी मारायचं ते कळेल." तर एरवी थट्टेवारी नेणारा हा माणूस त्या दिवशी पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "पुऱ्या चित्राखाली नाव घालतात, वहिनी. एक तरी पुरं झालं पाहिजे गं. मग घालीन." मी भांडी घासत होते. ऐकलं आणि घासत राहिले.

आम्ही जळगावातल्याच पिंप्राळ्यात घर बांधल्यावर मी न्हाणीच्या पत्र्यावर गंगाफळाचा वेल चढवला. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. पहिलं फळ धरलं तेव्हा सासूबाईंनी त्याला कुंकू लावलं आणि सांगितलं, हे कानबाईचं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते, आणि तिच्या रोटाच्या, म्हणजे नैवेद्याच्या, जेवणात पुरणपोळी, खीर, कटाची आमटी आणि गंगाफळाची भाजी ही लागतेच. एकदा नाव घेतलं की ते फळ बदलायचं नाही. जेठात फळ पिकलं, उतरवलं, आणि चुंबळीवर ठेवलं. त्या दिवशी माझा दीर त्याच्याभोवती फिरला, खाली बसला, वरून बघितलं आणि मला हाक मारली. चेहरा असा की लॉटरी लागली. "वहिनी, हे सुकत नाही, सडत नाही, मिटत नाही. आणि श्रावणापर्यंत तू याला हात लावू शकत नाहीस!"

तेव्हापासून गंगाफळ उजव्या खिडकीपाशी पाटावर. उजेड उजवीकडूनच आला पाहिजे, म्हणून त्या खिडकीबाहेरच्या दोरीवर कपडे वाळत घालायला मला बंदी. खोलीतून जाताना सावली पडू नये म्हणून आम्ही सगळे वाकून जायचो. एकदा वीजबिलवाला आला, तोही आमचं बघून वाकून गेला. चित्र मात्र वाढत होतं, हे मी कबूल करते. एकेक फाक वर येत होती. सालीवरचे पांढुरके ठिपके, पाटावर टेकलेली बसकी बाजू, सगळं आलं. मी येता-जाता बघायची. हात फिरवला तर गार लागेल असं वाटायचं. राहिला होता फक्त देठ. मी म्हटलं, "तो का मागे ठेवलास?" म्हणाला, "देठ म्हणजे त्याचा चेहरा आहे. पाच धारा, आणि प्रत्येकीला वेगळा पीळ. घाईने होत नाही." घाई हा शब्द त्याच्या तोंडून ऐकून मला हसूच आलं.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. गंगाफळाला बाईने पहिला विळा लावायचा नाही. पुरुषाने दोन भाग करून द्यायचे, मग पुढे बाईने चिरायचं. असं का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. बाकीची सगळी कामं आमच्याकडे असताना एक त्यांच्याकडे राहिलं तर राहू दे. आणि कानबाईचं असेल तर तो पुरुष कुळातलाच हवा. दरवर्षी माझे यजमान कापायचे. त्या वर्षी ते शनिवारी भाऊबंदांना आणायला धुळ्याकडे गेले, आणि रविवारी सकाळी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला की पारोळ्याच्या अलीकडे एसटी बंद पडली आहे, दुपारशिवाय येत नाही. मला दोन मुली, दोघी आपापल्या सासरी. घरात कुळातला पुरुष उरला एकच, आणि तो अंघोळ करून, शुचिर्भूत होऊन, पेन्सिल घेऊन गंगाफळापुढे बसलेला.

मी पुरण शिजवून खाली उतरवलं आणि म्हटलं, "भाऊ, ऊठ. काप."

"देठ राहिलाय, वहिनी."

"देवीला सांगू का, थांब म्हणून? देठ राहिलाय म्हणून?"

"सांगून बघ. ती समजून घेईल. तिचेही डोळे आज सकाळीच काढलेत तुम्ही."

हे खरं होतं. कानबाई म्हणजे नारळ, त्याला डोळे, नाक, नथ आम्हीच सकाळी लावलेली. मी विळा आणून त्याच्यापुढे आदळला. तो म्हणाला, "जरा पलीकडे ठेव, सावली पडते." बायका जमायला लागल्या. गाणी सुरू झाली. खापरावरच्या पोळ्या झाल्या, आमटीला उकळी आली, खीर आटून घट्ट झाली. भाजीची कढई रिकामी. यावलच्या काकूंना दया आली. म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पाठवू का? पटकन कापून देतील." सासूबाई देवीपुढे बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "नही वो माय, कुळना मानूस पाहिजे." मग काकूंनी दुसरी युक्ती काढली, बाजारातून दुसरं आणा. तेही जमणारं नव्हतं. शेवटी बायका गाणी म्हणता म्हणता एकेक करून त्याच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "एवढं तर माझ्या बाळंतपणाला लागलं नाही." दुसरी म्हणाली, "अहो भाऊ, देठ मी काढून देते, माझा मुलगा शाळेत काढतो." त्याची पेन्सिल चालूच. घाम हनुवटीवरून ओघळत होता. पाचातली पहिली धार झाली होती. दुसरी चालली होती. मी आयुष्यात त्याला इतकं भराभर काढताना पाहिलं नव्हतं, आणि तरी ते गोगलगाईपेक्षा वरचढ नव्हतं. मला त्याचा राग येत होता आणि त्याच वेळी माझी नजर कागदावरून हलत नव्हती, हेही खरं.

नैवेद्य दाखवल्याशिवाय सासूबाई पाणीही घेत नसत. ऐंशीच्या पुढचं वय. सकाळपासून पाठ ताठ ठेवून बसल्या होत्या. उन्हं दारातून आत आली तेव्हा त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि हळूच हाक मारली. रागाची नाही, आज्ञेची नाही. लहान पोर आईला सांगतं तशी.

"भाऊ, माले भूक लागनी रे."

तो उठला. पेन्सिल कानामागे गेली, हात धुतले, विळा घेतला. गंगाफळाच्या देठावर एकदा तळहात ठेवला आणि एका घावात दोन भाग केले. नेमके दोन फाकांच्या मधल्या खाचेतून. माझ्या यजमानांना इतक्या वर्षांत इतकं सरळ कापता आलं नव्हतं. आत तो केशरी गर, त्या तारा, बियांच्या ओळी. त्याने बघितलं, आणि हात सावकाश कानामागे जायला लागला. मी ओरडले, "खबरदार!" तशा सगळ्या बायका हसल्या. त्याने हात खाली घेतला, पण मान तिरपी करून एकदा बघूनच घेतलं.

भाजी झाली, नैवेद्य झाला, सासूबाई जेवल्या. तोंडात मोजके दात, पण भाजी दोनदा घेतली. "गंगाफय गोड शे," म्हणाल्या. मग त्यांची नजर खिडकीतल्या कागदाकडे गेली. "बठ्ठं काढं, नि देठच राही गया?"

हा म्हणाला, "तू खाऊन टाकलंस ना."

"देठ तं कोनी खात नही रे."

तो जेवता जेवता थांबला. खरंच की. देठ कोण खातं? तसाच उष्ट्या हाताने उठून माझ्याकडे आला. पण रोटाचं काहीही, साल असो की देठ, घराबाहेर टाकायचं नाही, परसात खड्डा करून पुरायचं, आणि पुरलेलं उकरायचं नाही. मी भाजी फोडणीला टाकल्यावर लगेच ते काम उरकून घेतलं होतं. मी परसदाराकडे बोट केलं. तो गेला, सारवलेल्या मातीपाशी उभा राहिला, आणि परत येऊन पाटावर बसला. "खीर वाढ," म्हणाला. दुपारी एसटीतले भाऊबंद आले. प्रत्येकाने कौतुकाने चित्र हातात घेतलं आणि प्रत्येकाने विचारलं, "देठ कुठे आहे?" त्याने प्रत्येकाला आईकडे बोट दाखवलं. सासूबाई प्रत्येकाला म्हणाल्या, "मी नही खादा."

पुढच्या थंडीत सासूबाई गेल्या. झोपेत गेल्या, कोणाला त्रास दिला नाही. ते वर्ष आम्ही कानबाई बसवली नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात वेलाला पुन्हा गंगाफळ धरलं आणि कुंकू लावायची वेळ माझ्यावर आली. जेठात ते उतरवून मी स्वतः उजव्या खिडकीपाशी पाटावर नेऊन ठेवलं. खिडकीबाहेरची दोरी सोडून ठेवली. कोणाला काही सांगितलं नाही. तो येता-जाता बघायचा. भेंडी काढायला घ्यायचा, ती मी शिजवायची. दोडका काढायला घ्यायचा, तोही मी शिजवायची. आता माझा हात थोडा सावकाश चालायचा, पण त्याचा अजून सावकाश. गंगाफळाला त्याने कागद लावलाच नाही.

कानबाईच्या रविवारी माझे यजमान घरी होते. घाई कशाचीच नव्हती. मी पहाटे उठून चहाचं आधण ठेवायला गेले, तर हा अंघोळ करून स्वयंपाकघरात बसलेला, आणि पुढ्यात गंगाफळ कापून दोन भाग करून ठेवलेलं. विळाही धुऊन जागेवर ठेवलेला.

मी म्हटलं, "भाऊ, अरे, देठ काढून घ्यायचा होतास. आज कोण अडवणार होतं तुला?"

"राहू दे, वहिनी," तो म्हणाला. "तू चूल पेटव. उशीर नको."

उशीर झाला तर उपाशी राहणारं घरात आता कोणी नव्हतं. पण मी चूल पेटवली.